खंडेनवमीचा हंडा

मला अक्काबाईचं घर पाहिजे होतं. राहायला नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या नोकरीवर मी बांधलेलं घर मला आणि आईला पुरून उरतं. मला ते घर तिच्या हातून गेलेलं पाहिजे होतं. दाराला सरकारी सील, आणि अक्काबाई बोचकं घेऊन रस्त्यावर. कुणी म्हणेल, मुलांना शिकवणारी बाई, दर रविवारी विहारात जाते, आणि मनात हे असलं धरून बसते. हो, बसते! ज्याला पटत नसेल त्यानं आधी आपल्या धाकट्या भावाला खांदा द्यावा आणि मग मला शहाणपण शिकवायला यावं.

माझ्या भावाचं नाव संघर्ष. आमचं गाव विंचूरजवळ, वाईन पार्कच्या पाठीमागे. तिथल्या एका कारखान्यात तो टाक्या धुवायच्या कामाला होता. दिवसभर वाईनच्या वासात उभा राहायचा, पण ती बाटली शहरातून गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी. गावातल्या पोरांसाठी होती कालव्यापलीकडच्या उसातली गोरक्षची हातभट्टी. गोरक्ष हा अक्काबाईचा एकुलता एक लेक. तो माल काढायचा, पन्नीत, प्लास्टिकच्या पिशवीत, भरून विकायचा, आणि त्यावर गावात दुमजली घर उभं राहिलं होतं. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, गच्चीवर सिमेंटचे दोन मोर. घर अक्काबाईच्या नावावर. सातबारा, घरपट्टी, वीजबिल, सगळीकडे तीच.

संघर्ष पीत नव्हता असं मी म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी प्यायचा, कुणाच्या हळदीला प्यायचा. त्या दिवशीही तो एका मित्राच्या हळदीला जाऊन गोरक्षचाच माल पिऊन आला होता. दुसऱ्या दिवशी उठला तो डोकं धरूनच. भर दुपार, दार सताड उघडं, अंगणात डोळे दिपतील असं ऊन, आणि तो मला म्हणतो, "ताई, लाइट लाव ना. काही दिसत नाही." मी म्हटलं, "नाटकं बास कर." नाशिकच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले होते. मग तिथं तोही गेला. शेवटपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून मला लाइट लाव म्हणत होता.

पोलीस आले, पंचनामा झाला. उसात जाऊन त्यांनी भट्टीचा हंडा फोडला, रसायन ओतून दिलं आणि कागदावर लिहिलं, बेवारस. भट्टी कुणाची, तर कुणाचीच नाही. जमीन कालव्याच्या कडेची, तीही कुणाची नाही. हवालदार मला म्हणाला, "मॅडम, तुमचा भाऊ पिणारा होता, एवढं तरी मान्य करा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आई माझा पदर धरून बसली होती. गोरक्षला नेलं आणि सोडलं. दुसऱ्या आठवड्यात तो शाळेसमोरून मोटरसायकलवर गेला आणि हसून म्हणाला, "जय भीम, मॅडम." फोडलेला हंडाही जुना, टाकाऊ निघाला. खरा हंडा त्यांना सापडलाच नव्हता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तेव्हापासून माझी आई, सुलाबाई, रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीसमोर एक मेणबत्ती लावते आणि दुसरी संघर्षच्या खोलीत, त्याच्या फोटोसमोर. मी मेणबत्ती लावत नाही. लावायला गेले की काडी पेटायच्या आधीच मोडते, दुःखानं नव्हे, रागानं.

नंतर सरकारनं दारूबंदीचा कायदा सुधारायला समिती नेमली आणि ती लोकांचं म्हणणं ऐकायला नाशिकला आली. शाळेत रजा टाकून मी पहिल्या बसनं गेले. सभागृहात सगळे वकील, अधिकारी आणि संस्थांच्या बायका. चर्चा होती ती हीच, की भांडीकुंडी जप्त करून काय होतं, ज्या घराच्या जिवावर हा धंदा चालतो ते घरच जप्त करावं. मला वाटलं, चला, कुणाला तरी अक्कल आली. तेवढ्यात येवल्याच्या एक वकीलबाई उठल्या. कौसर त्यांचं नाव. डोक्यावर ओढणी, आवाज शांत. त्या म्हणाल्या, घर जप्त करा, पण मालकाला खरंच काही माहीत नव्हतं तर करू नका. आणि घरातल्या ज्या बायकामुलांचा हात नाही, त्यांच्या डोक्यावर छप्पर राहील असं एक कलम घाला.

मी उठले. माईकची वाटही पाहिली नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज आहे माझा.

"हात नाही? कुणाचा हात नाही? पन्नी कोण भरतं? गाठी कोण मारतं? चार माणसांच्या घरात हंडा उकळतो आणि बाई म्हणते मला माहीत नाही? माझा भाऊ आंधळा होऊन मेला. त्याच्या डोक्यावर छप्पर होतं, त्याचं काय झालं? त्या घरातलं कुणीही सुटता कामा नये. कुणीही!"

टाळ्या पडल्या. मला पडल्या, कौसरना नाही. बाहेर चहाच्या टपरीवर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं दुःख समजतं मला. पण कायदा तुमच्या एका शत्रूसाठी नसतो हो." मी म्हटलं, "माझ्यासाठी आहे." आणि चहा तसाच ठेवून निघून आले.

कायदा झाला. त्यात मालकाला माहीत नसेल तर घर वाचेल, हे कलम राहिलं. बायकामुलांच्या छपराचं कलम मात्र गेलं. ते माझ्या ओरडण्यानं गेलं असं मी म्हणत नाही, सरकार कुठे माझ्या ओरडण्यावर चालतं! पण गेलं तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं.

आता फक्त त्या घरात काहीतरी सापडायला पाहिजे होतं. तिथंच घोडं अडलं. अक्काबाई पक्की होती. घरात थेंब ठेवायची नाही. भट्टी उसात, माल उसात, घरात देवघर, समई आणि टीव्ही. मी खिडकीतून त्या मोरांकडे बघत राहायचे आणि दात खायचे.

असंच एकदा नवरात्राच्या आधी मी दळणाला गेले होते. गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. पट्ट्याचा खडखडाट चालू होता. शेजारी येऊन उभी राहिली ती आशा, गोरक्षची बायको. मी तोंड फिरवलं. तिची मुलगी सृष्टी माझ्याच शाळेत पहिलीला आहे. त्या पोरीच्या वहीत बरोबरची खूण करतानासुद्धा माझा हात जड व्हायचा, मग तिच्या आईशी काय बोलणार?

पण आशाच बोलली. गिरणीच्या आवाजात मलाच ऐकू येईल एवढ्यानं.

"ताई, तुमाला आमचं घर पायजे ना?"

मी गिरणीच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

"खंडेनवमीला या. दुपारी. वर्षातून त्येवढ्या एका दिवशी हंडा घरात येतो."

मी तिच्याकडे पाहिलंच. ती पिठाच्या डब्यात बघत बोलत होती.

"सगळे हत्यारं पुजतात ना त्या दिशी. सुतार करवत पुजतो, शेतकरी कोयता पुजतो. आमच्या घरी हंडा पुजतात. सासऱ्याच्या येळेपासून हाय. उसातनं आणायचा, चिंचेनं घासायचा, देवघरापुढं मांडायचा. दुसऱ्या दिशी दसरा, गिऱ्हाईक लय, म्हणून मालबी त्येवढा एक दिवस न्हाणीत ठेवतेत. आत्याबाई म्हणतेत, सणाला पोलीस येत नाय."

"मला का सांगतेस?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "सृष्टी पन्नीला गाठ मारायला शिकली, ताई. आत्याबाई म्हणतेत, पोरीचा हात चांगला हाय." एवढं बोलून ती डबा डोक्यावर घेऊन निघून गेली. माझं पीठ केव्हाच संपून गिरणीवाला माझ्यावर ओरडत होता.

गावच्या ठाण्याला मी काही कळवलं नाही, तिथून बातमी कुठे जाते ते मला माहीत होतं. मी थेट नाशिकला गेले, जिल्ह्याच्या दारूबंदी पथकाच्या साहेबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. फक्त आशाचं नाव सांगितलं नाही. तिनं तेवढं मागितलंही नव्हतं, पण मी पाळलं.

खंडेनवमीला आमच्या विहारात दुसऱ्या दिवशीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चालली होती. मी पांढऱ्या पताका लावत होते आणि कान रस्त्याकडे. दोन जीप गेल्या, न थांबता, धूळ उडवत. मी शिडीवरून उतरले आणि पताका हातात तशाच धरून धावले. बौद्धवाड्यातल्या बायका मागून ओरडत होत्या, अगं रोहिणी, काय झालं? मी मागे पाहिलंच नाही.

गल्लीत गर्दी. दार उघडं. देवघरासमोर पाट मांडलेला, रांगोळी घातलेली, आणि पाटावर तो तांब्याचा हंडा, झेंडूच्या माळा घालून. शेजारी तांब्याची नळी, तिलाही माळ. हंड्यावर हळदीच्या पाच बोटांचे पंजे उमटलेले, ओले. न्हाणीतून पथकाची माणसं पन्न्यांची पोती बाहेर काढत होती. गोरक्ष नवीन शर्ट घालून, कपाळाला टिळा लावून उभा होता. त्याला पळताही आलं नव्हतं, हातात नारळ होता. एवढं समाधान मला आयुष्यात मिळालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "जय भीम, गोरक्षभाऊ."

पण अक्काबाई? अक्काबाई ओसरीवर, डोळे मिटून, जपमाळ घेऊन बसली होती. पथक दारात येताच उठून तिथं जाऊन बसली, हे गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं, पण सांगायला कुणी तयार नाही. आणि साहेबांनी ज्या हातांचे फोटो काढले, पिवळेधमक, मनगटापर्यंत हळदीनं भरलेले, ते हात आशाचे होते. तिलाही गोरक्षबरोबर जीपमध्ये बसवलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

सुनावणी निफाडला झाली, प्रांतबाईंसमोर. तोवर आशा जामिनावर सुटली होती. तिचं वकीलपत्र कौसरनी घेतलं होतं, न बोलावता. सुटून आशा परत त्याच घरात गेली होती. जाणार कुठे? माहेरचे दारात उभं करायला तयार नव्हते. गोरक्ष आतच होता. प्रश्न एकच होता. घर अक्काबाईच्या नावावर, तर अक्काबाईला माहीत होतं का? माहीत नसेल तर घर तिचं तिला परत.

अक्काबाई काय नटून आली होती म्हणता! फिकट पातळ, गळ्यात तुळशीची माळ, हातात काठी. रोज गल्लीत पाय आपटत चालणारी बाई, त्या दिवशी काठीशिवाय तिला पाऊल उचलेना. विचारलं की कानाला हात लावायची. "काय म्हनतेत? मला ऐकू येत नाय, बाईसाहेब."

तिच्या वकिलानं मोठ्यानं विचारलं, पूजा तुम्ही केली का?

अक्काबाईनं दोन्ही हात जोडले. "मी विधवा बाई. मी हळदीकुंकवाला हात लावीन व्हय? घरात सवाष्ण एकच, माझी सून. तिनं काय पुजलं, कुठनं आणलं, मला आंधळीला काय माहीत! मी आपली देवाचं नाव घेत बसलेली."

आणि सगळ्या खोलीनं मान डोलावली. शिपायानं, कारकुनानं, सगळ्यांनी. कारण खरंच की! विधवेनं हळद लावायची नाही, हा नियम कुणाला माहीत नाही? आयुष्यभर बायकांना बाजूला बसवणारी ती घाणेरडी रीत आज अक्काबाईच्या कामाला आली होती. माझ्या डोक्यात सणक गेली. मी बाकावरून उठणार तोच कौसरनी माझा दंड धरला आणि खाली बसवलं. त्या पुटपुटल्या, "थांबा."

मग आशाला पुढे बोलावलं. ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "आत्याबाईंला काय बी माहीत नाय, साहेब. समदं मी केलं. माझ्या मनानं केलं."

विकली गेली ही! घरात सासूनं कोंडून पढवलं असणार, तू अंगावर घे, घर वाचेल, मग बघू. अक्काबाई कानाला लावलेला हात काढून शांत बसली होती. तिचं काम झालं होतं. मला तिथल्या तिथं आशाचा गळा धरावासा वाटला. गिरणीत मला हे सांगायला आली होती का?

प्रांतबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "काय काय केलं, सांगा."

"हंडा आणला, साहेब. भंगारवाल्याकडनं. असाच पडलेला व्हता, फुटका."

अक्काबाईची काठी हलली.

"मंग त्यो पाटावर पालथा घातला."

"पालथा?" अक्काबाई म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

आशा पुढे बोलतच राहिली, अगदी गरीब चेहऱ्यानं. "पालथा घातला आन आधी नळीला हळद लावली, मंग उरली तर हंड्याला. नारळबी नासका निघाला, तसाच ठेवला. म्हटलं, काय एवढं, भंगारातलाच तर हाय."

"खोटं बोलती भवानी!"

ही अक्काबाई होती. उभी राहिली होती. काठी खाली पडली होती आणि तिला पत्ताही नव्हता.

"पालथा घालतेत व्हय पूजेचा हंडा? माझ्या घरात? आधी हंडा, मंग नळी, अन् मंग चूल. मी तिथं पाटाशेजारी बसून सांगत व्हते ना तुला, आधी मोठ्या हंड्याला पाच पंजे, मंग बाकीचं! कुंकू कमी पडलं तर मी आतनं आणून दिलं. आन भंगारातला? भंगारातला म्हनती मेली! माझ्या मालकानं येवल्याच्या तांबटाकडनं घडवून आणलेला हंडा त्यो! त्या हंड्यावर माझं घर उभं राहिलंय, घर!"

अक्काबाईच्या वकिलानं कपाळावर हात मारला. अक्काबाई अजून आशाकडे बोट रोखून उभी होती, आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातच येत नव्हतं. मग हळूहळू आलं. ती खाली बसली, खुर्ची चुकली आणि शिपायानं धरली.

प्रांतबाई कारकुनाला म्हणाल्या, "शेवटचं वाक्य शब्दशः घ्या."

आशानं पदर नीट केला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मी पाहिलं. सून म्हणून त्या घरात आल्या दिवसापासून त्या बाईनं तिला एकही पूजा बोलणी न खाता करू दिली नव्हती. समई तिरकी लावलीस, रांगोळी उलटी काढलीस, नैवेद्याला मीठ कमी. आशाला सासूची नस अगदी नेमकी ठाऊक होती. कौसरनीही हे तिला शिकवलं नव्हतं. त्या माझ्याइतक्याच तोंड उघडं टाकून बसल्या होत्या.

घर गेलं. सील लागलं त्या दिवशी मी रजा घेतली आणि समोरच्या ओट्यावर बसून सगळं पाहिलं. लाख वितळवताना, पट्टी चिकटवताना, शिक्का मारताना. अक्काबाई बोचकं घेऊन बाहेर आली. मला जसं पाहिजे होतं तसंच. ती येवल्याला भावाकडे जाणार होती. माझ्यासमोरून जाताना थुंकली. मी म्हटलं, "थुंका, आता अंगणही तुमचं नाही." मग दुकानात जाऊन पेढे घेतले आणि आळीत वाटले. आईनं पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. संघर्षच्या फोटोपुढे ठेवला आणि मुंग्या लागेपर्यंत तिथंच राहू दिला.

संध्याकाळी कौसरांचा फोन आला. "अभिनंदन," म्हणाल्या, आणि मग, "आशाला कुठे ठेवायचं ते बघतेय. ते छपराचं कलम असतं तर त्यातली एक खोली तिला मिळाली असती. तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय," मी म्हटलं. "उद्या पुन्हा विचारलं तरी तेच बोलेन." आणि फोन ठेवला. खरंच बोलले असते? काय माहीत. पण त्यांच्यासमोर हार मानणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आमच्या अंगणात आशा बसलेली. एक ट्रंक, एक पिशवी, आणि सृष्टी. आई सृष्टीला भाकरी-चटणी देऊन तिच्यासमोर बसली होती. आई कुणाला नाही म्हणत नाही, ती तशीच आहे.

"कौसरमॅडमनी धाडलं का?" मी विचारलं.

"नाय. मीच आले." आशा उठून उभी राहिली. "दुसरीकडं जागा नाय, ताई. गावात कुणी घेत नाय. म्हनतेत, जिनं नवऱ्याचं घर खाल्लं तिला कोण घेईल. माझं घर तुमी घेतलं. मंग म्हटलं, तुमालाच मागावी जागा."

आमच्याकडे रिकामी खोली एकच. संघर्षची. त्याची चादर अजून तीच आहे, कारखान्याचे गमबूट खाटेखाली. त्या खोलीत मी कुणाला पाय ठेवू दिलेला नव्हता. तरी माझ्या तोंडून हो निघत होतं. गिरणीत आली ती, सुनावणीत उभी राहिली ती. तिच्याशिवाय मला काय मिळालं असतं? मी दाराची कडी काढायला वळले.

"थांबा," आशा म्हणाली. "आत घ्यायच्या आधी ऐका. नंतर कळलं तर तुमी मला मारून टाकाल."

आईनं वर पाहिलं.

"तुमचा भाऊ ज्या हळदीला गेला व्हता, त्या दिशी माल कमी पडला व्हता. ह्यांनी कुठनं तरी स्पिरिट आणलं, ड्रममधनं. त्याचा वास येगळा येत व्हता, डोळ्यात चुरचुर व्हायची. मी म्हटलं, आत्याबाई, हे फेकून द्या. त्या म्हनल्या, पानी घाल अन् भर. मी पानी घातलं. मी भरल्या, ताई. त्या दिशीच्या समद्या पन्न्या मी भरल्या. ह्या हातानं."

तिनं हात पुढे केले. मी ते पाहिले. स्वच्छ होते, घरकामानं खरबरीत झालेले, माझ्या आईच्या हातांसारखे.

सभागृहात मी ओरडले होते, पन्नी कोण भरतं? आता भरणारीच समोर उभी होती. मी काय बोलले असते तेव्हा हे कळलं असतं तर? मी हिलाच आधी जेलमध्ये घातलं असतं. आजही घालू शकत होते. एक फोन नाशिकला. हात माझा फोनकडे गेलासुद्धा. सृष्टी भाकरी खायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती, वर्गात चुकीचं उत्तर दिल्यावर बघते तशी.

"ताई," आशा म्हणाली, "बोला काही तरी. हाकला नाय तर मारा."

मी दोन्ही करू शकले असते. मला बुद्ध काय म्हणाले ते सांगू नका, मला पाठ आहे. मला तिला माफ करायचं नव्हतं. आजही केलेलं नाही.

मी कडी काढली. संघर्षच्या खोलीचं दार उघडलं. आत अंधार होता, फोटोवरची काच तेवढी चमकत होती. मी ट्रंकेचा एक कान धरला आणि ती आत ओढली.

"खाट त्याची आहे. तुम्ही खाली झोपायचं," मी म्हटलं. "चादर हलवायची नाही. बुटांना हात लावायचा नाही. फोटो उतरवायचा नाही. आणि ह्याच्यापुढची मेणबत्ती उद्यापासून आई लावणार नाही. तू लावायची. रोज. त्याच हातानं."

आईचा हात तोंडावर गेला. "रोहिणी," एवढंच ती म्हणाली.

आशा फोटोसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ तिनं संघर्षकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पिशवी उचलेल आणि निघून जाईल. मला तेच पाहिजे होतं, का नको होतं, ते मला अजून सांगता येत नाही. बाहेर दिवस कलला होता, आईची रोजची वेळ झाली होती.

"उद्या कशाला?" आशा म्हणाली. तिनं पदर खोचला. "काडेपेटी कुठं असती तुमची?"